मेघदूत मावतं, बातमीचं पान अडतं: जुन्या नेटबुकवर लिनक्स

दहा इंची पडद्याचं, स्कूटीच्या डिकीत मावणारं नेटबुक २००८ ते २०१२ च्या सुमारास बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत आलं. मुलांनी त्यावर कॉलेजचे प्रोजेक्ट लिहिले, घरच्यांनी लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप केले, रेल्वेची तिकिटं काढली. पुढे ते कपाटात गेलं. आज ते चार्जरला लावून सुरू करा. पडदा तयार व्हायलाच कितीतरी मिनिटं जातात, माउसचा बाण थबकत थबकत सरकतो आणि ब्राउझर उघडायला गेलं की सगळंच गोठतं. मग ‘म्हातारं झालं’ म्हणून ते भंगाराच्या पोत्यात जातं.

पण प्रोसेसरला असं म्हातारपण येत नाही. त्या काळच्या अनेक नेटबुकांत इंटेलचा ॲटम एन २७० हा प्रोसेसर असे. त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६० कोटी ठोके. २००९ मध्ये तो तेवढे ठोके देत होता, आजही तेवढेच देतो. रॅमही तेवढीच आहे. मग तेव्हा झटपट चालणारं यंत्र आज का अडखळतं? आणि त्याच यंत्रावर हलका लिनक्स डेस्कटॉप बसवला की ते पुन्हा कामाला कसं लागतं?

लिनक्समुळे यंत्राचा वेग वाढत नाही. काय चालवायचं नाही, हे ठरवायची मोकळीक मात्र मिळते. ही मोकळीक नेमकी कुठे वापरायची हे कळायला यंत्राच्या आत काय घडतं ते थोडं पाहावं लागेल.

## नेटबुकचा जन्मच लिनक्सवर

लिनक्स ही जुन्या नेटबुकवर करायची नवी करामत आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपोन्टे यांनी २००५ मध्ये मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्यातून ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप तयार झाला. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण आणि आत फेडोरा लिनक्सवर बेतलेली प्रणाली. भारतातला या प्रकल्पाचा पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात झाला, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाडा इथल्या लहानशा प्राथमिक शाळेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका वाडीवरच्या मुलांनी हाताळलेला पहिला संगणक लिनक्सवर चालणारा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तैवानच्या आसुस कंपनीनं ई पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, आणि सोबत झँड्रॉस नावाचं लिनक्स. पुढच्या वर्षी आलेल्या एसर ॲस्पायर वनच्या स्वस्त आवृत्तीतही लिनक्सच होतं. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर तेव्हाचं विंडोज व्हिस्टा चालणं अवघड होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं नेटबुकांसाठी जुन्या एक्सपीची विक्री चालू ठेवली. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली आणि ही यंत्रं पोरकी झाली. विंडोज १० ची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ बिटी प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता नेटबुकला बंदच आहे.

## पानठेल्याचा हिशेब

संगणक मंदावतो तेव्हा बहुतेक वेळा दोष प्रोसेसरकडे नसतो. तो रॅम आणि हार्ड डिस्क यांच्यातल्या अंतरात असतो. नागपूरजवळचं रामटेक हे पानमळ्यांचं गाव, म्हणून हे पानठेल्यावरच समजून घेऊ.

ठेल्यावर बसलेला माणूस हा प्रोसेसर. त्याच्या हाताशी असलेली फळी म्हणजे रॅम: कात, चुना, सुपारी, गुलकंद, ओल्या फडक्यातली पानं. हात लांबवला की वस्तू मिळते. रस्त्यापलीकडच्या खोलीत बाकीचा माल आहे, ती हार्ड डिस्क. तिथून काही आणायचं तर पोऱ्याला धाडावं लागतं. फळी पुरेशी असेल तर पोऱ्या सकाळी एकदा माल आणतो आणि दिवसभर ठेला सुरळीत चालतो. फळीवर जागाच उरली नाही, तर मात्र नवी वस्तू आणण्याआधी जुनी उचलून खोलीत ठेवावी लागते. थोड्या वेळानं तीच पुन्हा हवी होते. पोऱ्याच्या चकरा सुरू होतात आणि ठेलेवाला हात बांधून वाट पाहत बसतो. संगणकाच्या भाषेत या चकरांना स्वॅप म्हणतात. चार्जरला लावलेल्या नेटबुकचा डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि पडदा गोठलेला असतो, तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

अंतर किती आहे ते आकड्यांत पाहा. नेटबुकमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला बाराएक मिलिसेकंद. म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला सतरा-अठरा मिलिसेकंद आणि सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ चकरा. रॅममधून तेच वाचन लाखपटींहून कमी वेळात होतं.

ॲटमची आणखी एक खोड आहे. मोठ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर एका गिऱ्हाइकाचा गुलकंद येईपर्यंत मागच्याचं पान लावून टाकतो. जुना ॲटम आलेल्या क्रमानंच काम करतो. पहिल्याचा गुलकंद आला नाही तर रांग थांबते. वीज वाचवण्यासाठी ही रचना मुद्दाम साधी ठेवलेली होती. त्याची भरपाई म्हणून इंटेलनं त्याला दोन रांगा दिल्या, एक अडली तर दुसरीकडे वळता यावं म्हणून. तरीही माल हाताशी नसण्याचा फटका ॲटमला इतरांपेक्षा जास्त बसतो.

यातून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. पैसे असतील तर आधी रॅम वाढवावी. एन २७० च्या बहुतेक नेटबुकांत एकच खाच असते आणि त्यात डीडीआर-२ ची २ जीबीची पट्टी चालते. ती जुन्या मालात स्वस्तात मिळते. त्यानंतर हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी घालावी. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यानं पोऱ्याची चकर जवळजवळ नाहीशी होते. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर लिनक्समध्ये झेडरॅम नावाची सोय आहे. २०१४ पासून ती कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. फळी भरली की ती सामान खोलीत धाडण्याआधी दाबून लहान करते आणि फळीवरच एका कोपऱ्यात ठेवते. दाबण्या-उलगडण्यात प्रोसेसरचा थोडा वेळ जातो, पण पोऱ्याच्या चकरेपुढे तो नगण्य असतो. एक जीबीच्या नेटबुकवर ही एकच सोय चालू केली तरी फरक बोटांना जाणवतो.

## मेघदूताचं वजन

फळी भरते कशानं? मजकुरानं नक्कीच नाही. कालिदासाचं मेघदूत ज्या रामगिरीवर सुरू होतं, तो रामगिरी म्हणजे रामटेक असं वा. वि. मिराशींसारखे अभ्यासक मानत आले. त्या मेघदूताचंच वजन करून पाहू.

वृत्त मंदाक्रांता, चरणात १७ अक्षरं, श्लोकात ६८. श्लोकांची संख्या पाठभेदांनुसार ११० ते १२० च्या आसपास, ११५ धरू. एकूण ७,८२० अक्षरं झाली. एका अक्षरात व्यंजन, हलन्त, काना-मात्रा मिळून सरासरी अडीच खुणा धरल्या आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते हे लक्षात घेतलं, तर सगळं काव्य सुमारे ६० केबीत बसतं. ५१२ एमबी रॅममध्ये अशी साडेआठ हजारांहून अधिक मेघदूतं मावतील.

आता चित्राचं पाहा. नेटबुकचा पडदा १०२४ गुणिले ६०० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एक भरलेला पडदा २४ लाख बाइटांचा. चाळीस मेघदूतं! आधुनिक डेस्कटॉप प्रत्येक उघड्या खिडकीचं चित्र असं वेगळं जपून ठेवतो, सावल्या रंगवतो, खिडकी उघडताना-मिटताना तिला तरंगवतो. त्याही पलीकडे ब्राउझर. बातमीच्या संकेतस्थळाचं एक पान उघडलं की बातमीचा मजकूर दहा-वीस केबी, बाकी छायाचित्रं, जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि वाचकाच्या हालचाली टिपणारे लहान-लहान प्रोग्रॅम. हे प्रोग्रॅम रॅममध्ये उलगडले की एकेका टॅबला शेकडो एमबी लागू शकतात. २००९ ची पानं अशी नव्हती. आपलं यंत्र मंदावलं असं वाटतं त्यातला फार मोठा वाटा इंटरनेटची पानं फुगल्याचा आहे, आणि तो लिनक्स बसवूनही पूर्ण जात नाही. ‘लिनक्स टाका, नव्यासारखं होईल’ असं आश्वासन देणाऱ्यांनी हे सांगायला हवं.

यावर उपाय साधा आहे. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा मोफत जोडप्रोग्रॅम बसवावा, म्हणजे सगळ्यात जड माल फळीवर येतच नाही. टॅब दोन-तीनच उघडे ठेवावेत. व्हिडिओचा दर्जा ३६०पी किंवा ४८०पी च्या वर नेऊ नये, कारण आजच्या व्हिडिओची घडी उलगडणारी वेगळी यंत्रणा या नेटबुकांच्या ग्राफिक्स चिपमध्ये नाही. सगळा भार एकट्या ॲटमवर पडतो.

## डेस्कटॉपचे थर

विंडोजमध्ये सगळं एकत्र बांधून येतं. लिनक्समध्ये थर सुटे असतात आणि प्रत्येक थर बदलता येतो. सगळ्यात खाली कर्नल. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेलं लिनक्स म्हणजे खरं तर एवढंच: रॅम कोणाला किती, डिस्क कोण वाचतंय, वाय-फायशी कसं बोलायचं, हे सांभाळणारा गाभा. त्यावर पडद्यावर ठिपके उमटवणारा थर, जुन्या यंत्रांवर बहुधा एक्स डॉट ऑर्ग. त्यावर खिडक्यांना चौकटी देणारा, त्या हलवू देणारा थर. याला विंडो मॅनेजर म्हणतात. आणि सगळ्यात वर मेन्यू, खालची पट्टी, फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, आवाजाचं बटण वगैरे मिळून होणारं डेस्कटॉप वातावरण.

खालचा गाभा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. वजनातला फरक वरच्या थरांत पडतो. ग्नोमसारखं देखणं वातावरण सुरू होतानाच एक जीबीच्या घरात रॅम घेतं. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधारण त्याच्या निम्म्यात भागवतात. आइसडब्ल्यूएम हा नुसता विंडो मॅनेजर एका पट्टीसह वापरला तर काम दोनशे एमबीच्या आसपास होतं. एक जीबी रॅमच्या यंत्रावर मी डोळे झाकून आइसडब्ल्यूएम सुचवीन. त्यासाठी अँटीएक्स हे लिनक्स तयारच मिळतं. दोन जीबी असेल तर डेबियनवर एक्सएफसीई. तो अधिक घरगुती वाटतो आणि विंडोजवरून आलेल्या माणसाला मेन्यू शोधत बसावं लागत नाही.

निवडीआधी एक गोष्ट तपासावीच लागते: प्रोसेसर ३२ बिटी आहे की ६४ बिटी. एन २७० आणि एन २८० हे ३२ बिटी. २०१० पासून आलेले एन ४५०, एन ४५५, एन ५५० हे ६४ बिटी. बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो त्याचं माप. ६४ बिटींसाठी बांधलेला प्रोग्रॅम ३२ बिटी यंत्रावर सुरूच होत नाही, कितीही हलका असला तरी. ‘हे चालतच नाही’ म्हणून सोडून दिलेल्या बऱ्याच प्रयत्नांचं मूळ चुकीची फाइल उतरवण्यात असतं.

चौकट: जुनं नेटबुक हाती घेताना
तळाच्या स्टिकरवर किंवा यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोसच्या पहिल्या पानावर प्रोसेसरचा क्रमांक वाचा. झेड ५२०, एन २६०० हे क्रमांक दिसले तर जरा थांबा; त्यांच्या ग्राफिक्स चिपची रचना वेगळ्या कंपनीची आहे आणि लिनक्समध्ये ती नीट चालवणं त्रासाचं आहे. रॅमचं झाकण उघडतं का ते पाहा. काही मॉडेलांत पट्टी बोर्डावरच डकवलेली असते. बॅटरी गेलेली असली तरी चार्जरवर यंत्र चालतं, पण बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका. फोटो, जुन्या फाइली दुसरीकडे उतरवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

## पेनड्राइव्हपासून पडद्यापर्यंत

लिनक्सची प्रणाली आयएसओ नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये मिळते. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. जुनं नेटबुक सुरू होतं तेव्हा त्यातला बायोस हा मूळ प्रोग्रॅम डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो आणि पुढे कुठे जायचं ते तिथून शिकतो. फाइल नुसती कॉपी केली तर हे पहिले बाइट बदलत नाहीत. म्हणून रुफस किंवा बलेना एचर यांसारखा प्रोग्रॅम वापरून आयएसओ पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. मग नेटबुक सुरू करताना एसरवर एफ १२, आसुसच्या ई पीसीवर एस्केप अशी कळ दाबली की कशावरून सुरू व्हायचं ते विचारलं जातं.

लिनक्सची खरी उदारता इथे दिसते. डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटल्यावर झोपून परत उठतं का, वाय-फाय दिसतं का, हे सगळं आधी तपासावं. पेनड्राइव्हवरून ते संथ वाटेल, त्याकडे दुर्लक्ष करावं.

वाय-फायवर घोडं हमखास अडतं. वाय-फाय चिपला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो चिपच्या कंपनीच्या मालकीचा असतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला धरून डेबियननं वर्षानुवर्षं तो आपल्या मुख्य संचात घेतला नाही. अखेर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर सोबत येऊ लागले. तरीही ब्रॉडकॉमच्या काही चिप हट्टी आहेत. अशा वेळी मोबाइल यूएसबी वायरनं जोडून त्याचं इंटरनेट वापरावं. लिनक्स ते लगेच ओळखतं आणि हवं ते फर्मवेअर उतरवून घेता येतं.

आणखी एक अडचण, जिचं कारण सहज सुचत नाही. सगळं नीट बसलं, वाय-फाय जोडलं गेलं, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायला नकार देतं. घड्याळ पाहा. बोर्डावर नाण्याच्या आकाराची, बहुधा सीआर २०३२, बॅटरी असते, यंत्र बंद असतानाही वेळ राखणारी. वर्षानुवर्षं कपाटात पडून ती संपते आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसतं. आता संकेतस्थळाची ओळख पटवणारं जे प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. संगणकाच्या मते अजून २००८ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं, म्हणून खोटं वाटतं. तारीख दुरुस्त केली की कुलूप उघडतं; कायमचा इलाज म्हणजे घड्याळवाल्याकडे मिळणारी नवी बॅटरी.

उन्हाळ्याचंही इथेच सांगतो. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच पंचेचाळिशीकडे झुकते आणि नेटबुकच्या पंख्याला आत ओढायला गार हवा नसते. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोके कमी करतो. त्यात जाळीवर दहा-बारा वर्षांची धूळ बसलेली असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. तळाचे स्क्रू काढून कोरड्या मऊ ब्रशनं पंखा साफ करावा आणि गादीवर ठेवून यंत्र वापरू नये, कारण गादी तळाच्या जाळ्या बुजवते.

## सहाशे ठिपक्यांची उंची

नेटबुकचा पडदा रुंदीला पुरतो, उंचीला अपुरा पडतो. आजचे बरेच प्रोग्रॅम निदान सातशे-साडेसातशे ठिपक्यांची उंची गृहीत धरतात. परिणामी सेटिंगची खिडकी उघडते आणि ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली राहतं. घाबरायचं कारण नाही: ऑल्ट कळ दाबून ठेवावी, खिडकीवर कुठेही माउसनं धरावं आणि ती वर ढकलावी. एक्सएफसीईमध्ये ती पडद्याच्या वरच्या कडेपलीकडेही जाते आणि बटण दिसू लागतं.

कायमचा उपाय म्हणजे खालची पट्टी डाव्या बाजूला उभी करणं. रुंदी भरपूर आहे, तीच खर्च करावी. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलनं २००८ मध्ये नेटबुकांसाठी वेगळी आवृत्ती काढली होती आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिच्यात युनिटी हा नवा पृष्ठभाग आणला, डावीकडे उभ्या पट्टीचा. तोच पुढे मोठ्या संगणकांवरच्या उबंटूत गेला. आजही उबंटूची पट्टी डावीकडे असते, त्याचं मूळ या सहाशे ठिपक्यांत आहे.

## रामटेक कसं टाइप करायचं

रामटेकला १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. संस्कृत-मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वारेमाप ताकदीचं यंत्र लागत नाही, नीट उमटणारी देवनागरी लागते. माझ्या मते नेटबुकचं खरं काम हेच आहे.

लिनक्समध्ये देवनागरी टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एक, आयबससारखा प्रोग्रॅम, जो पाठीमागे सतत चालू राहतो आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी घडवतो. दुसरा, कळपाटाचा नकाशाच बदलायचा. हा नकाशा पडदा सांभाळणाऱ्या थरातच असतो, वेगळा प्रोग्रॅम चालत नाही, रॅम जवळजवळ शून्य लागते. कळपाटाच्या सेटिंगमध्ये ‘मराठी’ जोडायचं आणि इंग्रजी-मराठी बदलायला एक कळ ठरवायची, इतकंच.

हा नकाशा इन्स्क्रिप्टचा. १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो प्रमाणित केला आणि पुण्याच्या सी-डॅकनं तो घरोघर पोहोचवला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘रामटेक’ लिहायला जे, ई, सी, एकेरी अवतरणचिन्ह, एस, के अशा सहाच कळा लागतात. मराठीला लागणारा ‘ळ’ शिफ्ट आणि एन वर आहे. ‘सूर्य’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतले दोन वेगळे रकारही सांभाळले आहेत: साधा र, हलन्त, य दिले की रफार चढतो, शिफ्टसह जे दाबून ऱ, मग हलन्त, य दिले की ऱ्य मिळतो.

कळ दाबल्यावर पडद्यावर अक्षर येईपर्यंत एक काम होतं, तेही पाहण्यासारखं आहे. ‘रामगिरि’ या शब्दातली पहिली वेलांटी आपण ग नंतर टाइप करतो, फाइलमध्येही ती ग नंतरच साठवली जाते, पण दिसायला हवी ग च्या आधी. जोडाक्षरांचे तुकडे जुळवायचे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, ही सगळी मांडणी हार्फबझ नावाची मुक्त यंत्रणा करते. फॉन्टही मोफत आहेत. पुण्यात रेड हॅटच्या अभियंत्यांनी वाढवलेला लोहित देवनागरी अतिशय हलका आहे. नोटो देवनागरी घेतला आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, तर ल आणि श यांची मराठी वळणं मिळतात, हिंदीची नाहीत. मराठी वाचकाला हा फरक एका नजरेत कळतो आणि तो जपायला हवा.

लिब्रेऑफिस रायटर नेटबुकवर चालतो, पण उघडायला वेळ घेतो. दीर्घ लेखनासाठी माउसपॅडसारखा साधा संपादक वापरावा आणि शेवटी मांडणीसाठी रायटर उघडावा. जुन्या कृतीदेव किंवा श्रीलिपीतल्या फाइली मात्र इथे अगम्य चिन्हांच्या दिसतील. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवले होते. आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

## किती दिवस?

३२ बिटी यंत्रांसाठी दारं एकेक करून मिटत आहेत. क्रोमनं ३२ बिटी लिनक्सची साथ २०१६ मध्ये सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत. फायरफॉक्सनंही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिटी लिनक्सची साथ सोडली. त्याची दीर्घ मुदतीची १४० वी आवृत्ती किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सांभाळली जाणार आहे. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. हे कुणाच्या दुष्टाव्यानं होत नाही. प्रत्येक जुन्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम पुन्हा बांधून तपासावा लागतो, ते काम बहुतांशी स्वयंसेवक करतात आणि ती यंत्रं वापरणारे कमी होत चालले आहेत.

म्हणून आज नेटबुक निवडताना शक्यतो एन ४५० किंवा त्यापुढचं, ६४ बिटी घ्यावं. त्याला डेबियन १३ सरळ बसतं. घरात एन २७० च असेल तर डेबियन १२ किंवा अँटीएक्सची ३२ बिटी आवृत्ती बसवावी आणि बँकेची कामं त्यावर करू नयेत. देखभालीची मुदत संपली की वाय-फाय बंद करावं आणि फाइलींची ने-आण पेनड्राइव्हनं करावी. टंकलेखनाचा सराव, प्रबंधाचा कच्चा मसुदा, शब्दकोश, पीडीएफ वाचणं, यांसाठी इंटरनेट लागत नाही. २ जीबी रॅम आणि एसएसडी घातलेलं यंत्र ही कामं त्यापुढेही करत राहील.